जळगावात पहिलं घर घ्यायचंय, आधी लोन बघावं की एजंट धरावा?

पारोळेकर_सध्या_जळगाव:

राम राम मंडळी. मूळ गाव पारोळा तालुक्यात, सध्या जळगाव एमआयडीसीत नोकरी, मिसेस खाजगी शाळेत आहे. माझे हातात ४८ हजार येतात, तिचे २२. भाड्याने राहतोय आणि आता मुलगी शाळेत जायला लागली म्हणून स्वतःचं घर घ्यायचं डोक्यात पक्कं झालंय. आमच्या घराण्यात आजपर्यंत कोणी बँकेचं कर्ज काढून घर घेतलेलं नाही, वडिलांनी शेतावरच्या पैशातून गावात घर बांधलं, त्यामुळे विचारायला घरात कोणी नाही.

दोन ठिकाणं पाहिलीत. एक पिंप्राळ्याकडे रिसेल टू बीएचके, २९ लाख सांगतात. दुसरं सावखेड्याच्या बाजूला नवीन रो हाऊस, ३६ लाख. जमा पुंजी सगळी मिळून ७ लाख आहे. एजंट म्हणतो लोनचं टेन्शन माझ्यावर सोडा, तुम्ही फक्त ५१ हजार टोकन द्या, नाहीतर फ्लॅट हातचा जाईल, दुसरी पार्टी तयार आहे. आणि वर म्हणतो पाच लाख रोखीत द्यावे लागतील, बाकीचं चेकने.

वडील म्हणतात फ्लॅट कशाला, प्लॉट घे. मित्र म्हणतो एजंटच नको. माझं डोकं चालेनासं झालंय. किती लोन घ्यावं, आधी काय करावं, एजंट चांगला की वाईट कसा ओळखावा, आणि टोकन द्यावं का? अजून एक, वडिलांचं विकास सोसायटीचं पीक कर्ज आहे, त्याचा माझ्या लोनवर परिणाम होतो का?

कर्जविभाग_भुसावळ:

भाऊ, टोकन अजिबात देऊ नका अजून. आधी लोन. मी बँकेत गृहकर्जाच्या टेबलवर काम करतो, रोज बघतो की लोक घर ठरवून, टोकन देऊन मग आमच्याकडे येतात आणि तेव्हा कळतं की एवढं लोन बसत नाही किंवा त्या घराचे कागद आमच्या पॅनलच्या वकिलाला चालत नाहीत, मग टोकनसाठी भांडणं. बँकेत आधी जाऊन उत्पन्नावर तत्त्वतः मंजुरी घेता येते, घर नंतर दाखवायचं. सॅलरी स्लिपा, फॉर्म सोळा, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट एवढं घेऊन जा. ते पत्र हातात असलं की एजंटशी बोलायची तुमची पद्धतच बदलते.

आता आकडे. रिझर्व्ह बँकेचा नियम असा की ३० लाखापर्यंतच्या लोनला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, त्यावर ७५ लाखापर्यंत ८० टक्के. हे जास्तीत जास्त आहे, मिळेलच असं नाही, रिसेल जुनी बिल्डिंग असेल तर बँक कमी देते. आणि किंमत म्हणजे एजंटने सांगितलेली नाही, आमचा व्हॅल्युअर जी काढेल ती किंवा करारातली, दोन्हीत जी कमी असेल ती. स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन त्यात धरत नाहीत, ते खिशातून.

म्हणजे २९ लाखाच्या फ्लॅटला समजा २५ लाख लोन मिळालं तर ४ लाख तुमचे. महापालिका हद्दीत स्टॅम्प ड्युटी साधारण ६ टक्के, रजिस्ट्रेशन १ टक्का पण ३० हजाराच्या वर नाही. हे दोन लाखाच्या आसपास. मग एजंट, वकील, बँकेची प्रोसेसिंग फी, नोटीस ऑफ इंटिमेशन (कर्जाची नोंदणी कार्यालयाला द्यायची सूचना), लाईटचं मीटर नावावर करणं, सोसायटीची ट्रान्सफर फी, थोडंफार रंगकाम. सात लाख संपले. घरात शिरलात आणि पुढच्या महिन्यात दवाखान्याचं काही निघालं तर हात पसरायची वेळ. माझं स्पष्ट मत, किमान सहा हप्ते बाजूला ठेवल्याशिवाय घर घ्यायचं नाही. म्हणून ३६ वालं डोक्यातून काढाच, २९ वाल्याचा भाव पाडा नाहीतर २५-२६ लाखात बघा, जळगावात त्या भावातले रिसेल फ्लॅट शोधले तर सापडतात.

हप्ता किती झेपेल ते पण बघा. बँक तुमच्या दोघांच्या ७० हजारावर ३०-३२ हजाराचा हप्ता बसवायला तयार होईल. बँक तयार होते म्हणून घ्यायचं नाही. मिसेसची नोकरी खाजगी शाळेतली आहे, उद्या काही झालं तर एकट्याच्या ४८ हजारात घर चाललं पाहिजे, म्हणून २०-२२ हजाराच्या आतच ठेवा. उदाहरणाला २२ लाख धरा, साडेआठ टक्के व्याज. २० वर्षांना हप्ता साधारण १९,१०० येतो आणि एकूण व्याज जातं २३ लाख ८० हजार. तेच १५ वर्षांना हप्ता २१,६५० च्या आसपास आणि व्याज १७ लाख. महिन्याला अडीच हजाराचा फरक आणि शेवटी पावणेसात लाखाच्या वर वाचतात. मुदत वाढवून हप्ता कमी दाखवणारे भरपूर भेटतील, तिथे हा हिशोब काढून बघा.

फ्लोटिंग म्हणजे बदलता रेट घ्या, बँकांची नवीन फ्लोटिंग लोनं ऑक्टोबर २०१९ पासून बाहेरच्या बेंचमार्कला, बहुतेक रेपोला (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) जोडलेली असतात त्यामुळे रेपो कमी झाला की तुमचा पण होतो. हाऊसिंग फायनान्स कंपनीला ते बंधन नाही, ते स्वतःच्या दरावर चालतात, म्हणून तिथे लोन पटकन होत असलं तरी पुढे दर कसा बदलेल ते लेखी विचारा. फ्लोटिंगवर वैयक्तिक गृहकर्जाला मुदतीआधी पैसे भरले तर दंड नाही. बोनस आला की टाकत जा. दर वाढला तर बँक गुपचूप मुदत वाढवते, २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलंय की हप्ता वाढवायचा की मुदत हे ग्राहकाला निवडू द्यायचं, ते मागून घ्या.

एक महत्त्वाचं. लोनसोबत विमा जबरदस्तीने जोडतात, एकरकमी प्रीमियम लोनमध्येच टाकतात आणि त्यावर २० वर्षं व्याज. तो घेणं सक्तीचं नाही. घरात कमावता माणूस आहे म्हणून विमा पाहिजेच पण वेगळा टर्म प्लॅन घ्या, स्वस्त पडतो.

पंतप्रधान आवास योजना शहरी २.० चं पण बघा. १ सप्टेंबर २०२४ नंतरच्या लोनला आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखाच्या आत, घराची किंमत ३५ लाखापर्यंत, लोन २५ लाखापर्यंत, आणि नवरा बायको आणि अविवाहित मुलं यांच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नको. पहिल्या ८ लाखावर ४ टक्के व्याज सवलत, एकूण जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यात. गावातलं घर वडिलांच्या नावावर असेल तर अडचण नाही, तुमच्या नावावर केलं असेल तर आहे. दोघांचं ग्रॉस जोडून ९ लाखाच्या आत बसतं का ते बघा, हातात येणारं नाही, ग्रॉस. ३६ लाखाचं रो हाऊस यात बसतच नाही, हे अजून एक कारण.

पीक कर्जाचं पुढे सांगतो, आता कस्टमर आलेत.

शिंदखेडा_बॉय:

वडील बरोबर सांगताय भाऊ. फ्लॅट म्हणजे हवेतली मालकी, प्लॉटचा भाव वाढतो. एजंटला २ टक्के देण्यापेक्षा गावाबाहेर गुंठ्याने प्लॉट घ्या ८-१० लाखात, हळूहळू बांधा. लोनची गरजच नाही.

काळा_कोट_चाळीसगाव:

शिंदखेडा_बॉय, वाईट वाटून घेऊ नका पण गुंठ्याने प्लॉट घ्या हा सल्ला पहिल्यांदा घर घेणाऱ्याला देऊ नका. खान्देशात प्रत्येक शहराच्या कडेला शेतात चुना मारून प्लॉट पाडलेत. तुकडेबंदीचा, म्हणजे शेतजमिनीचे छोटे तुकडे पाडून विकू न देणारा कायदा १९४७ पासून आहे, असल्या तुकड्याचं बऱ्याच ठिकाणी सरळ खरेदीखत होत नाही म्हणून मग शंभर पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून देतात, किंवा पाच दहा जणांची नावं एका सातबाऱ्यावर सामाईक चढवतात. त्यात तुमचा तुकडा कोणता हे कागदावर कुठेच नसतं. बांधकामाला परवानगी नाही, बँक लोन देत नाही, आणि विकायला गेलात तर घेणारा पण तुमच्यासारखाच अडकणारा शोधावा लागतो. प्लॉट घ्यायचा तर बिनशेती ऑर्डर, मंजूर लेआउट, त्यात तुमचा प्लॉट नंबर, रस्ता आणि ओपन स्पेस दाखवलेली, एवढं असेल तरच. असा प्लॉट ८ लाखात मिळत नाही आणि वर बांधकामाचा खर्च वेगळा, २ वर्षं भाडं पण सुरू.

पारोळेकर, तुमच्या फ्लॅटबद्दल. वकील स्वतःचा लावा. एजंट सांगेल माझा ओळखीचा आहे, बिल्डर सांगेल बँकेने सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींचा तपास) केलाय मग कशाला खर्च. बँकेचा वकील बँकेचे पैसे सुरक्षित आहेत का ते बघतो, तुमच्या भाऊबंदकीचा त्रास त्याला होणार नसतो. ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या. तुमच्या दृष्टीने खर्च काही हजाराचा आहे, घर २९ लाखाचं.

रिसेल फ्लॅटला काय बघायचं तर बिल्डरकडून आजच्या मालकापर्यंतची सगळी खरेदीखतं अस्सल, मधलं एक जरी हरवलं म्हणून झेरॉक्स दाखवत असतील तर तिथेच थांबा. जमिनीचं मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, त्यावर इतर हक्कात बोजा आहे का. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र, आपल्याकडे जुन्या बिल्डिंगांना हे नसतं आणि लोक म्हणतात चालतं सगळ्यांचं असंच आहे, पण टेरेसवर वाढवलेला मजला असेल किंवा पार्किंगमध्ये दुकान काढलेलं असेल तर ते नंतर तुमच्या अंगावर येतं. सोसायटी झालीय की अपार्टमेंट आहे ते विचारा, अपार्टमेंट असेल तर घोषणापत्र नोंदवलंय का. घरपट्टी, पाणीपट्टी, लाईटबिल भरलेल्या पावत्या. सूची दोन, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा, तुम्ही स्वतः पण नोंदणी विभागाच्या साईटवर ई-सर्चला फुकट बघू शकता, फ्लॅट खरंच त्याच माणसाच्या नावावर आहे का हे पाच मिनिटात कळतं.

विकणाऱ्याला तो फ्लॅट वारसाने मिळाला असेल तर बहिणींच्या सह्या पाहिजेत. भाऊ म्हणतात बहिणींनी काही मागितलं नाही. मागितलं नाही म्हणजे हक्क सोडला असं होत नाही, नोंदणीकृत हक्कसोडपत्र पाहिजे किंवा त्यांनी खरेदीखतावर सही करावी. आणि कुलमुखत्यारपत्रावर विकत असेल तर मूळ मालक जिवंत आहे का, ते पत्र नोंदणीकृत आहे का आणि रद्द केलेलं नाही ना, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

रोख पाच लाखाचं. नको. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेणं इन्कम टॅक्स कायद्याने बंद आहे, घेणाऱ्याला तेवढाच दंड बसतो. पण कायद्याचं सोडा, तुमचा हिशोब बघा. करार २४ चा झाला तर बँक २४ वर लोन देणार, म्हणजे पाच लाख रोख वर तुमच्या खिशातून आणि लोन पण कमी. ७ लाखात बसतंय का? आणि स्टॅम्प ड्युटी तर रेडी रेकनर (सरकारने ठरवलेला दर) आणि करार यात जे जास्त असेल त्यावर लागते. उद्या व्यवहार फिसकटला तर त्या पाच लाखाची पावती कोण देणार.

बोरी_काठचा_आबा:

मना भाऊ, पहिले कागद देख, मंग घर देख. घर आवडनं का मानूस आंधळा होई जास. एजंट म्हणतो दुसरी पार्टी तयार आहे, तर म्हणा दे त्यालाच. जळगावात फ्लॅट काही संपून नाही राहिले. गावाकडच्या माणसाला लाज वाटते कागद मागायची, समोरच्याला वाईट वाटेल म्हणून. बिलकुल लाज धरू नका, आयुष्याची कमाई चाललीय त्यात.

देवपूर_धुळे:

एजंटबद्दल मी लिहिते, वरती सगळ्यांनी एजंट म्हणजे चोर असं धरून चाललंय ते बरोबर नाही. आम्ही धुळ्यात देवपूरला घर एजंटकडूनच घेतलं आणि त्याच्यामुळेच ते घर आम्हाला कळलं, पेपरात नव्हतं, ऑनलाईन पण नव्हतं. छोट्या शहरात निम्मी घरं तोंडीच विकली जातात, कोणाचा मुलगा पुण्याला गेला, कोणाचं वाटप झालं, हे एजंटलाच माहीत असतं. म्हणून एजंट घ्या, पण त्याचं काम घर दाखवणं आणि दोघांना एका टेबलावर बसवणं. कागद तपासणं वकिलाचं, लोन बँकेचं. तिन्ही कामं एकाच माणसाकडे दिली की तुम्हाला नाही सांगणारं कोणी उरत नाही, कारण त्याला पैसे व्यवहार झाला तरच मिळतात. लोन माझ्यावर सोडा म्हणतात त्यातही बऱ्याचदा बँकेकडून कमिशन असतं, जिथे कमिशन जास्त तिथे तुमची फाईल.

निवडायचा कसा. महारेराचा (घरविक्रीवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी नंबर विचारा, साईटवर टाकून बघा. २०२३ पासून एजंटांना महारेराची परीक्षा पण पास व्हावी लागते. रिसेलच करणारे काही जण नोंदणी करत नाहीत कारण रेराचा नियम नवीन नोंदणीकृत प्रोजेक्टच्या विक्रीला आहे, पण ज्याने केलीय तो निदान सापडेल तरी. मग त्याला दोन गोष्टी सरळ विचारा. एक, तू माझ्याकडून किती घेणार आणि समोरच्याकडून घेतोयस का. दलाली १ ते २ टक्क्यात ठरते, घासाघीस चालते, पण ती आधी ठरवा आणि व्हॉट्सअॅपवर का होईना लिहून घ्या, पैसे रजिस्ट्री झाल्यावरच. दुसरं, या एरियात तू गेल्या वर्षभरात कोणते व्यवहार केले, त्यातल्या एका घेणाऱ्याशी माझं बोलणं करून दे. चांगला एजंट लगेच फोन लावून देतो. जो टाळतो त्याला नमस्कार. एकालाच धरून बसू नका, दोघा तिघांना सांगून ठेवा, तोच फ्लॅट एक २९ सांगेल दुसरा २७ सांगेल, मग खरा भाव कळतो.

आणि घर बघायला एकदाच सकाळी जाऊ नका. आपल्याकडे उन्हाळ्यात ४५ च्या वर जातं, वरच्या मजल्याचा पश्चिमेकडचा फ्लॅट असेल तर एप्रिल मे मध्ये दुपारी ४ ला जाऊन भिंतीला हात लावा, मग कळेल कूलर किती चालवावा लागेल. पावसाळ्यात एकदा जा, खालच्या पार्किंगमध्ये पाणी साचतं का. पाणी किती दिवसाआड येतं आणि बोअरला मार्च नंतर पाणी राहतं का हे एजंटला न विचारता खालच्या किराणावाल्याला विचारा, शेजारच्या बायकांना विचारा, त्या खरं सांगतात. काळ्या मातीत बांधलेलं असेल तर दाराच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा गेल्यात का ते बघा, विशेषतः रो हाऊसला. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, पाया उथळ घेतला असेल तर भिंत बोलते. नवीन रंग फक्त एकाच भिंतीला दिलेला दिसला तर का दिला ते विचारा.

खोटेनगर_अमित:

मी म्हणतो एजंट नको रिसेल पण नको, सरळ बिल्डरकडून बुक करा चालू स्कीममध्ये. भाव कमी, नवीन घर, दलाली वाचते. जीएसटी पण छोट्या घराला १ टक्काच आहे.

कर्जविभाग_भुसावळ:

अमितभाऊ, १ टक्का बरोबर आहे, ४५ लाखापर्यंतचं आणि आपल्याकडच्या शहरात ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंतचं (आतली वापरायची जागा) घर असेल तर, नाहीतर ५. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला आणि रिसेलला जीएसटी नाही. पण चालू स्कीममध्ये भाडं आणि हप्ता दोन्ही सुरू राहतं हे धरा, बँकेकडून बिल्डरला सगळं लोन दिलं जाईपर्यंत नुसतं व्याज जात राहतं, मुद्दल तसंच्या तसं. ४८ आणि २२ वर ते ओढाताणीचं आहे.

घ्यायचंच तर महारेराच्या साईटवर प्रोजेक्ट बघा, ताबा कधीचा लिहिलाय, मुदतवाढ किती वेळा घेतली. जाहिरातीवर क्यूआर कोड असतो तो स्कॅन करा. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्याच्या वर पैसे घेता येत नाहीत. ताबा दिल्यावर ५ वर्षांपर्यंत बांधकामातला दोष त्यानेच दुरुस्त करून द्यायचा. पण लक्षात ठेवा, ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरची किंवा ८ घरांपर्यंतची स्कीम रेराच्या नोंदणीतून सुटते, आणि आपल्याकडे रो हाऊसच्या बऱ्याच स्कीम एवढ्याच असतात. पारोळेकर, सावखेड्याचं ते रो हाऊस त्यात येतंय का ते विचारा एकदा.

आता पीक कर्ज. वडिलांचं कर्ज फक्त वडिलांच्या नावावर असेल तर तुमच्या सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींच्या रिपोर्टमध्ये, येत नाही. तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल तर येऊ शकतं, आणि खान्देशात मुलाची, पुतण्याची सही कुठे ना कुठे घेतलेलीच असते, कधी ट्रॅक्टरला कधी ठिबकला. कर्जमाफीत किंवा तडजोडीत मिटलेलं कर्ज पण सेटल्ड म्हणून दिसू शकतं. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चौघांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो, आजच काढा दोघांचाही. चुकीचं काही दिसलं तर तक्रार टाका, ३० दिवसात दुरुस्त करायला हवं, पुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. हे लोनच्या अर्जाआधीच करायचं, अर्ज नामंजूर झाल्यावर नाही. आणि चार बँकेत एकदम अर्ज टाकू नका, प्रत्येक चौकशी तिथे नोंदली जाते. डाऊन पेमेंट कमी पडतंय म्हणून पतसंस्थेतून किंवा मोबाईल अॅपवरून कर्ज काढलं तर ते पण हप्त्यात धरलं जातं.

नंदुरबार_शिक्षक:

जळगावला लागू नाही कदाचित पण आमच्याकडचे कोणी वाचत असतील तर. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा भागात जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर महसूल संहितेच्या कलम ३६ अ प्रमाणे कलेक्टरच्या आधीच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीच्या नावावर होत नाही. एजंट म्हणतात नंतर करून देऊ. नंतर काही होत नाही, जमीन परत जाते आणि ज्याची आहे त्याला ती परत मिळणं बरोबरच आहे. फेरफार मागचे सगळे काढून मूळ खातेदार कोण होता ते बघा.

पारोळेकर_सध्या_जळगाव:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, एवढं कोणी बसवून सांगितलं नव्हतं. सिबिल काढलं, चुलत्यांच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला माझं नाव जामीनदार निघालं, हप्ते वेळेवर आहेत म्हणतात, बँकेत विचारतो. एजंटला म्हटलं रोख काही देणार नाही आणि टोकन मंजुरी झाल्यावर चेकने, पावतीसह. दोन दिवस बोलला नाही, मग स्वतःच फोन केला की मालक २७ ला तयार आहे सगळं चेकने. दुसरी पार्टी कुठे गेली ते मी विचारलं नाही.

दोन प्रश्न राहिले. फ्लॅट मिसेसच्या एकटीच्या नावावर घेतला तर स्टॅम्प कमी लागतो म्हणतात, खरं का? आणि मालकाचं त्या फ्लॅटवर अजून ६ लाख लोन बाकी आहे, कागद त्याच्या बँकेत आहेत. घ्यावा का असा फ्लॅट?

काळा_कोट_चाळीसगाव:

नाव फक्त बाईंचं असेल तर राहत्या घराला १ टक्का सवलत आहे, २७ लाखावर २७ हजार वाचतात. तुमचं नाव सोबत टाकलं की सवलत गेली. लोनमध्ये तुम्ही सहकर्जदार राहू शकता. पण मालकीत नाव नसेल तर व्याजाची इन्कम टॅक्स सूट तुम्हाला घेता येत नाही. तुम्ही नवीन रिजीममध्ये असाल तर राहत्या घराला ती सूट तशीही नाही, मग खुशाल ताईंच्या एकटीच्या नावावर घ्या, माझ्या मते घर बाईच्या नावावर असणं हे सवलत नसती तरी चांगलंच.

टोकन द्याल तेव्हा सौदापावतीत दोन वाक्यं पाहिजेतच, लोन नामंजूर झालं किंवा सर्चमध्ये दोष निघाला तर पूर्ण रक्कम अमुक दिवसात परत. हे नसेल तर पावती असून उपयोग नाही.

कर्जविभाग_भुसावळ:

बाकी लोन असलेला फ्लॅट घ्यायला हरकत नाही, उलट एका बँकेने आधी कागद तपासलेत. पद्धत मात्र नीट ठेवा. मालकाच्या बँकेकडून त्याने दोन पत्रं आणायची, एक आजच्या तारखेची बाकी रक्कम आणि दुसरं त्यांच्याकडे जमा असलेल्या अस्सल कागदांची यादी. ती यादी तुमच्या वकिलाला दाखवा. मग तुमची बँक लोनमधून तेवढ्या रकमेचा चेक थेट मालकाच्या बँकेच्या लोन खात्याच्या नावाने काढते, मालकाच्या हातात देत नाही, उरलेले पैसे खरेदीखताच्या वेळी मालकाला. मालक म्हणेल आधी सहा लाख तुम्ही द्या मी लोन फेडून कागद आणून देतो, तर तसं करू नका, तुमच्या बचतीतले तर नाहीच.

लोन फिटलं की ३० दिवसात अस्सल कागद परत द्यायचे आणि बोजा काढायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, १ डिसेंबर २०२३ पासून, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५ हजार भरपाई. दोन्ही बँका जळगावातच असतील तर तुमच्या बँकेचा माणूस सोबत जाऊन कागद ताब्यात घेतो, ते आधी शाखेत बोलून ठेवा. आणि ट्रॅक्टरचं काय होतंय ते कळवा, जामीनदारीमुळे तुमची पात्रता किती कमी धरतात ते प्रत्येक बँकेत वेगळं असतं, त्यावरून कुठे अर्ज टाकायचा ते ठरवू.